खळ्यावरचा हिस्सा

मानवशास्त्राचे नाव काढले की दूरच्या बेटांवरील जमाती, त्यांचे मुखवटे आणि त्यांचे विवाहविधी हेच बहुधा नवशिक्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आणि ब्रॉनिस्लाव मॅलिनोव्स्कीने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहून, तेथील लोकांची भाषा शिकून, १९२२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याची कीर्ती ध्यानात घेता ही समजूत अगदीच निराधार आहे असे म्हणवत नाही. तथापि माणसे परस्परांशी देवघेवीचे, मानपानाचे आणि सत्तेचे जे संबंध बांधतात ते तपासणे हा या शास्त्राचा मुख्य उद्योग असल्यामुळे, त्याचा आरंभ घरच्या अंगणातूनही करता येतो. मराठी विद्यार्थ्याने तो कोठून करावा असे कोणी विचारले तर गावगाड्यातील बलुत्यापासून, असे मी सांगेन. कारण या एका प्रथेकडे नाना तऱ्हेच्या माणसांनी नाना ठिकाणी उभे राहून पाहिले आहे, आणि त्या पाहण्यातील अंतरे हाच या शास्त्राचा उत्तम पहिला पाठ आहे.

प्रथेची रूपरेषा बहुतेकांना ठाऊक असते. देशावरील मौज्यात पाटील आणि कुलकर्णी हे वतनदार अधिकारी, मिरासदार आणि उपरी ही कुणबी रयत, आणि या साऱ्यांची अडीनडीची कामे करणारे बारा बलुतेदार अशी मांडणी असे; त्याखेरीज अलुतेदारांची दुय्यम प्रतीची मालिका होती, आणि दोहोंच्या याद्या गावागणिक थोड्याबहुत बदलत. वर्षभर सुताराने औते दुरुस्त करावीत, लोहाराने फाळाला धार लावावी, चांभाराने मोट शिवावी, कुंभाराने मडकी पुरवावीत, न्हाव्याने श्मश्रू करावी, आणि यांपैकी कशाचेही रोख मोल त्या त्या वेळी मागू नये. मग सुगी आली, मळणी-उफणणी होऊन जोंधळ्याची रास खळ्यावर पडली, म्हणजे ज्याने त्याने आपल्या हक्काच्या पेंढ्या आणि धान्य, म्हणजे आपले बलुते, घेऊन जावे, असा तो रिवाज होता.

आता या खळ्यावर क्षणभर थांबून वाटपाचा क्रम पाहू. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात बलुतेदारांच्या तीन कासा, म्हणजे हिश्शाच्या तीन प्रती, दिल्या आहेत : थोरलीत सुतार, लोहार, महार आणि मांग, मधलीत कुंभार, चांभार, परीट आणि न्हावी, आणि धाकटीत भट, मुलाणा, गुरव आणि कोळी. ज्या समाजात भटाचे स्थान सोवळ्याओवळ्याच्या उतरंडीत सर्वांच्या वर आणि महार-मांगांचे तळाशी, त्याच समाजात धान्याच्या हिश्शाच्या दृष्टीने भट धाकट्या कासेत आणि महार-मांग थोरल्या कासेत, हे पाहून नवा अभ्यासक बुचकळ्यात पडतो, आणि त्याने पडावेही. शेतीच्या कामी आणि गावाच्या बंदोबस्तास कोणाची निकड किती, यावर पेंढ्यांचे माप ठरे. कोणाच्या हातचे पाणी चालावे हे अन्य नियमांनी ठरे. आणि हे दोन्ही नियम एकाच गावात, एकाच दिवशी, एकमेकांची अडचण न होता नांदत. थोरल्या कासेतील हिस्सा घेणाऱ्या महाराची वस्ती मात्र गावकुसाबाहेरच होती. हिश्शाच्या मोठेपणाने त्याचा विटाळ तिळमात्र कमी होत नसे. उपयुक्तता आणि प्रतिष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे तत्त्व एरवी दहा व्याख्यानांनी समजणार नाही इतके स्पष्टपणे येथे समजते.

दुसरी गोष्ट हक्काची. बलुते ही मजुरी नव्हे, तशीच ती भिक्षाही नव्हे. ते वतन होते, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा, भाऊबंदांत वाटला जाणारा, प्रसंगी विकलाही जाणारा हक्क होता. त्यावरून तंटे उपस्थित होत, ते गोतसभेपुढे जात, साक्षी घेऊन महजर लिहिले जात, आणि अशा निवाड्यांचे कागद पेशवेकालीन दप्तरांतून आजही वाचावयास मिळतात. उत्तर हिंदुस्थानातील करीमपूर गावाच्या आधारे विल्यम वायझर यांनी १९३६ साली जी जजमानी पद्धती वर्णिली, तीत कारागीर विशिष्ट कुटुंबांशी बांधलेला दिसतो. महाराष्ट्रातील बलुतेदार मात्र एखाद्या कुटुंबाचा नसून सबंध गावाचा सेवक होता, असे जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी मराठी कागदपत्रांवरून प्रतिपादन केले. एका प्रांतात घडवलेला सिद्धांत दुसऱ्या प्रांतावर सरसहा लादू नये, हा या वादाचा बोध आहे.

आता पाहणारे कोण होते ते पाहू. पेशवाई बुडाल्यावर जिंकलेल्या मुलखाचा अहवाल इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ साली लिहिला, त्यात खेडे हे त्याला स्वयंपूर्ण असे एक लहानसे राज्यच भासले. नव्या सरकारास महसुलाची घडी बसवावयाची होती, आणि त्या खटपटीत असलेल्या अधिकाऱ्यास गावाचा टिकाऊपणा प्रथम दिसावा हे स्वाभाविक होते. त्याच सुमारास टॉमस कोट्स नावाच्या डॉक्टराने पुण्याजवळच्या लोणी गावाची घरे, अवजारे, अन्न, वस्त्रे आणि बलुती यांची बारकाईने नोंद केली, ती १८२३ साली छापली गेली. एकाच गावाचे असे सांगोपांग वर्णन त्या काळी विरळाच होते. पुढे महसुली कामकाजाचा अनुभव असलेले त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला. त्यांची दृष्टी कुणब्याच्या बांधावरून पाहणारी होती. त्यामुळे बलुते-अलुते, फिरस्ते आणि मागते या सर्वांचा भार अखेर एका नांगरावर कसा पडतो, हे त्यांनी परखडपणे दाखवले, आणि ज्यास एल्फिन्स्टन स्वयंपूर्णता समजत होता तीत रयतेची ओढाताणही होती, हे वाचकांच्या ध्यानी आणून दिले.

या सर्वांना जे दिसले नाही, किंवा दिसूनही ज्याचे मोल कळले नाही, ते सांगण्यासाठी खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाचीच गरज होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात, अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात, हिंदुस्थानातील जातींविषयीचा निबंध वाचला होता. आणि १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणताना त्यांनी वतन म्हणजे काय याची जी चिकित्सा केली, ती कोणत्याही क्षेत्रीय अभ्यासाच्या तोडीची होती. दिवस असो वा रात्र, सरकारी कामाचा हुकूम येताच वतनदार महाराने धावावे. तो घरी नसेल तर त्याच्या कुटुंबातील माणसाने जावे. मोबदल्याचा बराच भाग सरकारने न देता रयतेच्या बलुत्यावर सोपवावा, आणि गावाची मर्जी फिरली की ते बलुतेही बंद व्हावे! हक्क म्हणून मिरवली जाणारी गोष्ट त्या हक्कदाराला बांधून ठेवणारी बेडीही असू शकते, हे त्यांनी त्यातून उघड केले. बलुत्याच्या जागी रोख कर बसवून नोकरांना पगार द्यावा, आणि ज्यास वतनातून सुटावयाचे असेल त्यास आपली जमीन राखून सुटता यावे, अशी त्यांची मागणी होती.

ते बिल तेव्हा मंजूर झाले नाही. कनिष्ठ गावकी वतने १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. परंतु कायदा येण्यापूर्वीच गिरणीचे कापड, कारखान्यातील भांडी, १९०३ पासून किर्लोस्करांनी तयार केलेले लोखंडी नांगर आणि नगदी पिके यांनी बलुत्याचा पाया खिळखिळा केला होता. मुंबईच्या गिरण्यांची वाट धरलेल्या माणसाला गावच्या खळ्याची मर्जी सांभाळण्याचे कारण उरले नव्हते. केंब्रिजला मानवशास्त्रज्ञ रिव्हर्सच्या हाताखाली शिकून आलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी कोट्सच्याच लोणीचा, म्हणजे लोणीकंदचा, पुन्हा अभ्यास करून १९६० साली पूर्वीच्या आणि नव्या गावाची तुलना प्रसिद्ध केली; गावाचे जुने चित्र पुढील पिढीच्या हाती पुराव्याप्रमाणे कसे पडते, याचे ते चांगले उदाहरण आहे.

या साऱ्या कथेतून नवशिक्याने तीन प्रश्न घ्यावेत : या व्यवहारात कोणाला किती मिळते, कोणाचा मान किती राखला जातो, आणि ‘नाही’ म्हणण्याची मुभा कोणाला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पायलीने मोजता येते, दुसऱ्याचे पंगतीत बसल्यावर उमगते; तिसऱ्याचे मात्र ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडे जाऊनच मिळते. बलुते आता नाहीसे झाले असले तरी प्रश्न बाद झालेले नाहीत. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी निघालेल्या जोडप्याने मुकादमाकडून घेतलेली उचल हीसुद्धा एक देवघेवच आहे. ती समजून घेण्यास निघालेल्या विद्यार्थ्याने मुकादमाच्या वहीतील रक्कम अवश्य उतरवून घ्यावी, आणि मग हंगाम संपण्यापूर्वी कोयता खाली ठेवायचा झाल्यास काय होईल, हे त्या जोडप्यालाच विचारावे.