चारशे त्रेचाळीस भागिले किती?

रणजी करंडकात एका डावात एका माणसाने काढलेल्या सर्वाधिक धावा आजही ४४३ च आहेत. भाऊसाहेब निंबाळकर, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, पुणे, डिसेंबर १९४८. ४९४ मिनिटं, ४९ चौकार, एक षटकार आणि आकड्याच्या डोक्यावर तो छोटासा तारा, म्हणजे नाबाद.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. काठियावाड पहिल्या डावात २३८ वर आटोपलं. महाराष्ट्राने मग ४ बाद ८२६ केल्या. तेव्हाचा विश्वविक्रम होता डॉन ब्रॅडमनचा, नाबाद ४५२, सिडनी, जानेवारी १९३०. म्हणजे निंबाळकरांना गाठायला नऊ आणि मोडायला दहा धावा हव्या होत्या. मध्ये विश्रांतीची वेळ झाली. काठियावाडचे कप्तान राजकोटचे ठाकोरसाहेब. आपल्या संघाच्या नावावर असला विक्रम लागणार हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी महाराष्ट्राला डाव घोषित करायला सांगितलं, ते होईना तेव्हा सामनाच सोडून दिला आणि संघ घेऊन ते चालते झाले. निंबाळकर ४४३ वर राहिले ते राहिलेच. पुढे ते कसोटी एकही खेळले नाहीत. ११ डिसेंबर २०१२ ला गेले, दुसऱ्या दिवशी त्र्याण्णव पूर्ण झाले असते.

आता मुद्दा. या डावाचं चित्रण आपल्याला बघायला मिळत नाही. कव्हर ड्राइव्ह कसा होता, पुल मारायचे का, काही कळायला मार्ग नाही. सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर आपण डोळ्यांनी आठवतो. त्याआधीच्या पिढीला आठवायचं तर हातात असतात फक्त आकडे. स्कोअरकार्ड हीच त्यांची फिल्म! आणि आकड्यांचा प्रॉब्लेम असा की ते न बघताच लोक एक तर पाया पडतात, नाही तर हसण्यावारी नेतात.

लातूरचे आमचे मामा दुसऱ्या गटातले. निंबाळकरांचा विषय काढला की म्हणणार, "पाटा विकेट अन् राजेरजवाड्यांची बॉलिंग. चारशे काय, आठशे बी निघाले असते. कशाचं कौतुक करूलालास?"

मामांच्या बाजूने पुरावा आहे आणि तो जबरदस्त आहे. त्याच हंगामात, म्हणजे मार्च १९४९ मध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र उपांत्य सामना खेळले. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. सात दिवस चालला सामना. नऊ शतकं झाली. एकूण धावा २३७६, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात एवढ्या धावा जगात दुसरीकडे कुठेही झालेल्या नाहीत. विकेट पडल्या ३८. भागाकार करून बघा: एका विकेटमागे साडेबासष्ट धावा. म्हणजे त्या आठवड्यात पुण्यात ज्याची सरासरी साठ, तो खेळाडू सुमार समजायचा :)

तर अशा काळातल्या फलंदाजांची थोरवी मोजायची कशी? आमच्या धंद्यात याला नॉर्मलायझेशन म्हणतात. दोन वेगळ्या सिस्टीममधले आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्ही एका मापावर आणायचे. बेसबॉलवाल्या अमेरिकनांनी तर याचं शास्त्रच करून टाकलंय. टेड विल्यम्सचं १९४१ सालचं ०.४०६ हा आकडा तिथे तोंडपाठ असतो, पण त्या सालचे इतर फटकेबाज काय करत होते हे विचारल्याशिवाय तिथला जाणकार पुढे सरकत नाही. आपल्याकडे हा प्रश्न कमी विचारला जातो. आपण सरासरी बघतो आणि निकाल लावतो.

विजय मर्चंट आणि विजय हजारे यांचंच घ्या. मर्चंट मुंबईचे, हजारे सांगलीचे. प्रथम श्रेणी कारकीर्दीत मर्चंट यांची सरासरी ७१.६४, जगात ब्रॅडमनच्या ९५.१४ नंतर त्यांचंच नाव घेतात. हजारेंची ५८.३८. फरक तेरा धावांचा. एवढ्यावरून बहुतेक लोक मर्चंट यांना झुकतं माप देऊन मोकळे होतात.

पण सरासरी काढताना आपण भागतो कशाने? डावांनी नाही, बाद होण्याच्या संख्येने. मर्चंट यांचे डाव २३४, नाबाद ४६. हजारेंचे डाव ३६७, नाबाद तेही ४६! (हा योगायोग दिसला तेव्हा मी आधी स्वतःच्या एक्सेल शीटवर संशय घेतला होता.) मर्चंट पाच डावांत एकदा नाबाद परत यायचे, हजारे आठ डावांत एकदा. आता नुसत्या डावांनी भागा. मर्चंट: १३,४७० भागिले २३४, म्हणजे ५७.५६. हजारे: १८,७४० भागिले ३६७, म्हणजे ५१.०६. तेराचा फरक साडेसहावर आला. नाबाद राहणं हाही गुण आहे, तो पूर्ण पुसून टाका असं मी म्हणत नाही. पण अर्धं अंतर नुसत्या छेदात लपलेलं होतं एवढं तरी दिसतं.

आणि कसोटीत? मर्चंट १० सामने, ८५९ धावा, सरासरी ४७.७२. हजारे ३० सामने, २१९२ धावा, सरासरी ४७.६५. फरक शून्य दशांश शून्य सात. मर्चंट यांचे १० सामने १९३३ ते १९५१ अशा अठरा वर्षांत विखुरलेले आहेत, मधली वर्षं महायुद्धाने खाल्ली. शेवटच्या कसोटीत, दिल्लीला, चाळिसाव्या वर्षी त्यांनी १५४ केल्या. तेव्हा त्यांना कमी लेखायचा माझा हेतू नाही. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ७४.५३ च्या सरासरीने २३८५ धावा काढल्या, आणि इंग्लंडमध्ये कुणी त्यांच्यासाठी पुण्यातली पाटा विकेट नेऊन ठेवलेली नव्हती.

मला जास्त विश्वासार्ह वाटणारं माप वेगळंच आहे, आणि ते अगदी साधं आहे: संघाच्या धावांत त्या माणसाचा वाटा किती? विकेट पाटा असेल तर ती सगळ्या अकरा जणांना पाटा असते. गोलंदाजी फालतू असेल तर सगळ्यांनाच फालतू मिळते. वाटा काढला की विकेट आणि गोलंदाजी दोन्ही बऱ्यापैकी भागाकारात निघून जातात.

या मापाने बघितलं की एक डाव सगळ्यांच्या वर येऊन बसतो. डिसेंबर १९४३, मुंबईत ब्रेबर्नवर पंचरंगी स्पर्धेची अंतिम लढत, हिंदू विरुद्ध रेस्ट. (धर्मावर संघ पाडायची ती पद्धत आज वाचतानाही कसंसंच होतं. हजारे ख्रिश्चन म्हणून 'रेस्ट'मध्ये, म्हणजे 'उरलेल्यां'त!) हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात मर्चंट नाबाद २५०. रेस्ट १३३ मध्ये गुंडाळले गेले. फॉलोऑन. दुसऱ्या डावात रेस्टने केल्या ३८७, आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या. टक्केवारी ७९.८. सहाव्या विकेटसाठी त्यांची आणि धाकट्या भावाची, विवेक हजारेंची, ३०० ची भागी झाली. त्यात विवेकच्या धावा होत्या २१. परत वाचा, एकवीस. सामना रेस्ट एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

त्याच हंगामात मर्चंट यांनी रणजीत महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ करून हजारेंना मागे टाकलं. दोन विजय एकमेकांचे आकडे ओलांडत होते आणि मुंबई बघत होती. पण मला विचाराल तर ३५९ पेक्षा ते ३०९ मोठे.

दुसरा पुरावा ॲडलेड, जानेवारी १९४८. समोर रे लिंडवॉल आणि कीथ मिलर. ऑस्ट्रेलिया ६७४, भारत ३८१ आणि २७७. हजारे ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेतले, म्हणजे 'राजेरजवाड्यांची बॉलिंग' नव्हे. तरी २७७ पैकी १४५, बावन्न टक्के. आणि हा माणूस त्याच सामन्यात गोलंदाजी करून ब्रॅडमनचा त्रिफळाही उडवतो (२०१ झाल्यावर का होईना). हाही सामना आपण डावाने हरलो.

इथे मापाची खोटही सांगायला हवी. संघ जितका दुबळा तितका वाटा फुगतो. १९४७ च्या मार्चमध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून खेळताना हजारे आणि गुल मोहम्मद यांनी होळकर संघाविरुद्ध ५७७ ची भागी केली. गुल मोहम्मद ३१९, हजारे २८८. संघाच्या ७८४, वाटा सदतीस टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणून तो डाव छोटा का? जोडीदार चांगला मिळाला हा काही हजारेंचा गुन्हा नाही. असो. कुठलंही माप एकटं वापरू नये एवढंच.

आता मामांच्या आरोपाकडे परत. निंबाळकर: ८२६ पैकी ४४३, म्हणजे ५३.६ टक्के. त्यांच्याबरोबर दुसऱ्या विकेटला ४५५ ची भागी करणारे भांडारकर २०५. तीन महिन्यांनी पुण्यातच झालेल्या त्या २३७६ वाल्या सामन्यात एवढी लूट झाली, तरी सर्वात मोठी धावसंख्या होती माधव मंत्रींची २००, संघाच्या ६५१ पैकी, साधारण एकतीस टक्के. शतकं नऊ झाली आणि दोनशेच्या पुढे एकही नाही. पाटा विकेटवर शतकं पिकतात हे खरं, पण चारशे पिकत नाहीत. चारशेला आठ तास डोकं ठिकाणावर लागतं.

"एकच डाव खेळला हो तो माणूस" हा दुसरा आरोप. बघू. निंबाळकरांचे ८० सामने, ११८ डाव, १७ वेळा नाबाद, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३. त्यातून तो डाव काढून टाका. उरतात ४३९८ धावा, आणि तो डाव नाबाद असल्यामुळे छेद तोच, १०१. सरासरी ४३.५४. म्हणजे ४४३ वजा करूनही एक चांगला, भरवशाचा फलंदाज शिल्लक राहतो. मामा यावर गप्प बसले. पटलं असं मात्र म्हणाले नाहीत.

आता जरा आपल्या भागाबद्दल. निंबाळकर पुण्यात खेळत होते तेव्हा मराठवाडा मुक्त होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. नांदेड हैदराबाद संस्थानात, लातूर तर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका. 'महाराष्ट्र' नावाचा संघ १९३४-३५ पासून रणजी खेळतोय, पण महाराष्ट्र नावाचं राज्य व्हायला १९६० उजाडलं, आणि त्या जुन्या संघात आपण नव्हतो. हिशेबाने आपला जुना संघ हैदराबाद. १९३७-३८ चा रणजी करंडक हैदराबादने जिंकला तो एडुलजी ऐबारांच्या नाबाद १३७ वर: नवानगरविरुद्ध शेवटच्या डावात ३१० हव्या होत्या, एक विकेट राखून मिळवल्या. चव्वेचाळीस टक्के वाटा, अंतिम सामना, शेवटची विकेट. हे नाव नांदेड-लातुरात किती जणांनी ऐकलंय? देवधर, हजारे, निंबाळकर आपण नंतर दत्तक घेतले, आणि ऐबारांना हैदराबादेतच सोडून आलो. राज्यांच्या सीमा बदलल्या की आठवणींच्याही बदलतात, स्कोअरकार्ड मात्र जिथल्या तिथे राहतं. काठियावाड, होळकर, नवानगर हे संघ आता नाहीत, त्यांच्या पराभवांची नोंद आहे.

पुढे मराठवाड्याचं नाव या वहीत आलं, आणि आलं तेही थेट याच पानांवर. २०११-१२ मध्ये जालन्याच्या विजय झोलने एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात महाराष्ट्राकडून आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या, ४६७ चेंडूंत. ब्रॅडमनपेक्षा एक कमी. तो सामना प्रथम श्रेणीचा नसल्याने यादीत धरत नाहीत. त्या वेळी निंबाळकर हयात होते.

आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध पैठणचा अंकित बावणे आणि स्वप्निल गुगळे यांनी तिसऱ्या विकेटसाठी नाबाद ५९४ ची भागी केली. गुगळे नाबाद ३५१, बावणे नाबाद २५८. हजारे-गुल मोहम्मद यांचा ५७७ चा भारतीय विक्रम जवळजवळ सत्तर वर्षांनी मोडला. महाराष्ट्र २ बाद ६३५. दिल्लीने उत्तरादाखल ५९० केल्या, त्यात रिषभ पंतच्या ३०८, म्हणजे बावन्न टक्के. सामना अनिर्णित. तेव्हा जगात याच्या पुढे फक्त ६२४ ची एक भागी होती, कुमार संगकारा आणि महेला जयवर्धने यांची, २००६ सालची. पुढे जायला ३१ हव्या होत्या. या वेळी मैदान सोडून कुणी गेलं नव्हतं, डाव आपल्याच कप्तानाने घोषित केला.