अर्हत्

अर्हत् : (पाली व प्राकृत रूपे अरहंत, अरिहंत). बौद्ध आणि जैन या दोन्ही धर्मांत चालणारी उपाधी. ‘अर्ह्’ म्हणजे योग्य असणे. त्यावरून पूजेस पात्र असा पुरुष. ‘अरिहंत’ या रूपातून जैन परंपरा ‘रागद्वेषरूपी अरींचा नाश करणारा’ असाही अर्थ घेते. व्युत्पत्ती म्हणून तो उत्तरकालीन असला, तरी भाविकांच्या मनात तोच अधिक रुजला आहे.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, बारामती-इंदापूर रस्त्यावरील लासुर्णे आणि जवळचे वालचंदनगर या पट्ट्यातही हा शब्द जैन आणि बौद्ध अशा दोन्ही वाटांनी आला. पहिली वाट जैनांची. वालचंदनगरला ज्यांचे नाव आहे ते उद्योगपती वालचंद हिराचंद (1882–1953) दिगंबर जैन होते. जैनांच्या णमोकार मंत्रात पाच परमेष्ठींपैकी पहिला नमस्कार अरिहंतांना असतो. सिद्ध हे देहमुक्त, म्हणून श्रेष्ठ. तरी ते दुसरे. कारण देहात राहून मार्ग सांगतो तो अरिहंत. दुसरी वाट 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या विहारांत म्हटल्या जाऊ लागलेल्या बुद्धवंदनेची. तिच्या आरंभी बुद्धाला भगवंत, अरहंत व सम्यक् संबुद्ध ही तीन विशेषणे लावून त्रिवार वंदन करतात.

अर्थात मात्र फरक आहे. बौद्ध मतानुसार सारिपुत्त, मोग्गल्लान यांसारखे शिष्यही अर्हत् होतात. स्रोतापन्न, सकृदागामी, अनागामी या पायऱ्यांनंतरची ती अवस्था. जैनांत ही उपाधी प्रामुख्याने तीर्थंकरांची.

इतर बिरुदांचीही अशीच सरमिसळ आहे. ‘जिन’ (जिंकणारा) या शब्दावरून जैन हे नाव पडले, पण अमरकोशात तो बुद्धाच्या नावांत येतो. ‘तीर्थंकर’ जैनांचा मानबिंदू. पाली ग्रंथांत त्याच्याशी जुळणारा ‘तित्थकर’ हा शब्द इतर पंथांच्या प्रमुखांसाठी आहे. वर्धमानाला जैन ‘महावीर’ म्हणतात, तर पाली ग्रंथ ‘निगंठ नातपुत्त’. अशोकाच्या लुंबिनी स्तंभलेखात बुद्ध, शाक्यमुनी, भगवान अशी तीन नावे एकत्र आहेत. ही सारी बिरुदे मुळात श्रमणांच्या, म्हणजे वेदबाह्य संन्याशांच्या, सामायिक बोलीतली होती. पंथांनी ती पुढे आपापल्या नावावर करून घेतली.

या सामायिक वापराचा उत्तम पुरावा पुणे जिल्ह्यातच, मावळातील पाले लेण्यात आहे. तेथील ब्राह्मी लेख अरहंतांना नमस्कार करून सुरू होतो. अभ्यासक ह. धी. सांकलिया व शोभना गोखले यांनी त्यावरून तो जैन ठरवला. मथुरेच्या जैन आयागपटांवर, म्हणजे पूजेच्या शिलापट्टांवर, हाच आरंभ दिसतो, म्हणून हे मत बळकट आहे. पण लेणे खोदवणारा दाता इंद्ररक्षित याची ‘भदंत’ ही उपाधी बौद्ध भिक्षूंच्या नावामागेही लागते. तेव्हा केवळ ‘अरहंत’ पाहून लेण्याचा पंथ ठरवू नये. या भदंत इंद्ररक्षिताने लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, खोदवले, एवढे लेख स्पष्ट सांगतो.