पवित्र मिस्सेचे माहेर

आपल्या देवळाची पायाभरणी केव्हा झाली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, घंटा कोठून आली, हा सर्व वृत्तान्त ह्या महोत्सवी पुस्तिकेत इतर लेखकांनी दिला आहेच. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आमच्या वाट्यास जी पाने आली आहेत त्यांत आम्ही ह्याहून पुष्कळ जुना असा एक इतिहास सांगू इच्छितो. तो ह्या भिंतींचा नसून, ह्या भिंतींच्या आत दर रविवारी जे म्हटले जाते व जे केले जाते त्याचा आहे.

आरंभ अगदी साध्या गोष्टीपासून करू. आपण सर्वजण मिस्सेत ‘आमेन’ म्हणतो, ‘आलेलुया’ गातो, आणि ‘होसान्ना’चा घोष करतो. हे शब्द मराठी नाहीत. पुष्कळांचा समज आहे तसे ते लॅटिन किंवा पोर्तुगीजही नाहीत. ते हिब्रू, म्हणजे यहुदी लोकांच्या धर्मभाषेतले आहेत. जे खरे, स्थिर व भरवशाचे ते ‘आमेन’; परमेश्वराची स्तुती करा असे सांगणारे ते ‘आलेलुया’; आणि ‘होसान्ना’ ही तारण करण्याविषयीची विनवणी होय. ख्रिस्तसभेची उपासना प्रथम ग्रीक भाषेत चाले. पुढे रोम येथे ती लॅटिन झाली. आणि १९६० नंतरच्या दशकात ती आपल्या मायबोलीत आली. प्रत्येक वेळी सर्व काही भाषांतरिले गेले, पण हे चारदोन शब्द कोणी बदलले नाहीत. सासरी नांदणाऱ्या मुलीच्या तोंडी माहेरचे काही शब्द जन्मभर राहतात, त्यातलाच हा प्रकार.

परंतु माहेरची खूण केवळ शब्दांतच आहे असे नाही. संत लूकच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचकांनी काढून पाहावा. प्रभु येशू नाझरेथास येतो आणि आपल्या परिपाठाप्रमाणे शब्बाथ दिवशी सभास्थानात जातो. वाचण्यास उभा राहतो, त्याच्या हाती यशया संदेष्ट्याची गुंडाळी देण्यात येते, तो वाचतो, गुंडाळी परत करतो, खाली बसतो आणि जे वाचले त्याजवर बोलू लागतो. वाचन आणि मग त्याजवर प्रवचन! ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातही हेच दिसते. पिसिदियातील अंत्युखियाच्या सभास्थानात नियमशास्त्राचे व संदेष्ट्यांचे वाचन झाल्यावर अधिकारी संत पौलास दोन शब्द बोलण्याची विनंती करतात. आता ह्यापुढे सुमारे शंभर वर्षांनी, म्हणजे इ. स. १५५ च्या सुमारास, रोम येथे संत जस्टिन ह्याने बादशहास जो खुलासा लिहून पाठविला तो पाहा. रविवारी ख्रिस्ती लोक एके ठिकाणी जमतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात. मग मुख्य पुरुष उपदेश करतो. मग सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात. आणि नंतर भाकर, द्राक्षारस व पाणी आणले जाते, असे त्यात वर्णन आहे. आपल्या मिस्सेचा पूर्वार्ध ह्यात कोणासही ओळखू येईल. येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. सभास्थानाच्या प्रार्थनांचे आजचे ठराविक रूप पुढील शतकांत सिद्ध झाले. म्हणून प्रत्येक ओळीची यहुदी मूळ ओळ शोधू नये. सांगाडा मात्र तेथला, हे निश्चित.

उत्तरार्धाचे, म्हणजे भाकर आणि प्याला ह्यांचे, मूळ सभास्थानात नसून यहुदी घरातील ताटाभोवती आहे. भाकर मोडण्यापूर्वी ती जमिनीतून उपजविणाऱ्या देवास धन्य म्हणावयाचे, आणि प्याला घेताना द्राक्षवेलीचे फळ देणाऱ्यास धन्य म्हणावयाचे, अशी त्यांची रीत आहे. प्रभूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचे भोजन होते असे पहिली तीन शुभवर्तमाने म्हणतात. संत योहान ते वल्हांडणाच्या आदल्या सायंकाळी ठेवतो. विद्वानांचा हा वाद जुना आहे व तो आमच्याने मिटणार नाही. वल्हांडणाची छाया त्या भोजनावर आहे, ह्याविषयी मात्र दुमत नाही. वल्हांडणास हिब्रूत पेसाख म्हणतात, आणि त्यावरूनच प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सणास ख्रिस्तसभेने पास्का हे नाव दिले. इ. स. १८७३ मध्ये कॉन्स्टॅण्टिनोपल येथे फिलोथेओस ब्रिएन्निओस नामक विद्वानास एका जुन्या हस्तलिखितात ‘दिदाखे’ हे प्रेषितकालाच्या लगतचे पुस्तक सापडले व १८८३ मध्ये ते छापून निघाले. त्यात प्याल्यावर व भाकरीवर म्हणावयाच्या ज्या उपकारस्मरणाच्या प्रार्थना आहेत, त्यांची घडण सर्वथैव यहुदी आहे; दावीद राजाचे नावदेखील त्यात येते. आणि १९७० च्या मिस्सापुस्तकात भाकर व द्राक्षारस अर्पिताना जी प्रार्थना धर्मगुरू म्हणतो, तीही ह्याच यहुदी धन्यवादाच्या धर्तीवर रचिलेली आहे.

प्रारंभीचे शिष्य स्वतःस यहुदी धर्माबाहेरचे समजत नसत. पेत्र व योहान प्रार्थनेच्या वेळी यरुशलेमच्या मंदिरात जात. परराष्ट्रीय लोक विश्वास ठेवू लागले तेव्हा त्यांची सुंता करावी की नाही हा प्रश्न उपस्थित झाला, आणि इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेम येथील सभेत त्यांजवर ते ओझे लादू नये असे ठरले. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले. एका बाजूस रब्बींची परंपरा व दुसऱ्या बाजूस ख्रिस्तसभा, अशा दोन वाटा त्यानंतर हळूहळू फुटत गेल्या. एका दिवसात नव्हे.

आता आम्ही ज्या प्रसंगाकडे येत आहो, तो आमच्या मते पहिल्या दोन शतकांतील सर्वांत नाजूक प्रसंग होय. काळ्या समुद्रावरील सिनोपे बंदराचा मार्सियन नावाचा एक धनाढ्य गलबतवाला इ. स. १४० च्या सुमारास रोम येथे आला आणि तेथील ख्रिस्तसभेस त्याने २,००,००० सेस्टर्स इतकी मोठी देणगी दिली. त्याचे मत असे की, जुन्या करारातील देव निराळा व येशूचा पिता निराळा. पहिला न्यायी पण कठोर, दुसरा दयाळू. म्हणून यहुद्यांचे ग्रंथ ख्रिस्ती मनुष्याने टाकून द्यावे. त्याने जुना करार समूळ वगळला, शुभवर्तमानांपैकी केवळ लूकचे ठेवले, तेही काटछाट करून, आणि संत पौलाची दहा पत्रे तेवढी मान्य केली.

वाचकहो, ही कल्पना वरकरणी किती सोपी व गोड वाटते! आजही अनेक भाविक मंडळी आम्हास विचारतात की, फादर, ती जुनी युद्धे व शाप वाचून आम्हास काय करावयाचे आहे? त्यांस आमचे उत्तर रोमच्या त्या ख्रिस्तसभेचेच आहे. इ. स. १४४ मध्ये तिने मार्सियनास बहिष्कृत केले आणि त्याची देणगी पै न् पै परत केली. लहान, छळ सोसणारी, गुलाम व गरीब ह्यांनी भरलेली ती मंडळी. तिला द्रव्याची गरज नव्हती असे कोण म्हणेल? तरी तिने आब्राहाम, मोशे व दावीद ह्यांस ठेविले आणि पैसा सोडला. मार्सियनाचे चालते, तर ख्रिस्ताची वंशावळ गेली असती, स्तोत्रे गेली असती, आणि जग निर्माण करणारा व जग तारणारा एकच आहे हा आपल्या विश्वासाचा पायाच गेला असता. पुढे तेर्तुल्लियन ह्याने त्याच्या खंडनार्थ पाच पुस्तके लिहिली. ती भाषेने फार तिखट आहेत, पण वाचण्यासारखी आहेत.

हा निर्णय आपल्या मराठी भाषेपर्यंत येऊन पोहोचला आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले व त्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून इस्राएल लोकांची कथा असून त्यास ३६ अध्याय दिले आहेत. प्रभूचे चरित्र दुसऱ्या पुराणात, ५९ अध्यायांत येते. म्हणजे साष्टीच्या नवख्रिस्ती शेतकऱ्यास ख्रिस्त कळावा म्हणून फादर स्टीफन्स ह्यांनी आधी आब्राहाम व मोशे सांगितले.

पण येथपर्यंत सांगून आम्ही थांबलो तर अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. ख्रिस्तसभेने ग्रंथ ठेवला. ज्यांचा तो ग्रंथ त्या लोकांस मात्र ख्रिस्ती लोकांनी दूर लोटले. चौथ्या शतकापर्यंतही सामान्य ख्रिस्ती जन यहुदी शेजाऱ्यांच्या सणास जात असत. अंत्युखियात ते सभास्थानातील तुताऱ्या ऐकण्यास जात, आणि शपथ तेथे वाहिली असता अधिक बंधनकारक होते असे काहीजण मानीत. हे आपणास संत योहान ख्रिसोस्तोम ह्यांच्या इ. स. ३८६ व ३८७ मधील प्रवचनांवरून कळते. कारण त्या प्रवचनांत त्यांनी ह्याच गोष्टीबद्दल लोकांची कडक हजेरी घेतली आहे. त्या थोर संताविषयी पूर्ण आदर बाळगूनही आम्हास म्हणणे भाग आहे की, यहुद्यांविषयी त्यांनी तेथे वापरलेले शब्द वाचवत नाहीत. आणि पुढील काळी दुष्ट लोकांनी त्या शब्दांचा पुरेपूर उपयोग करून घेतला. त्याच काळात संत जेरोम बेथलेहेमात बसून बायबलाचे लॅटिन भाषांतर करीत होते. हिब्रू शिकण्यासाठी त्यांनी बरानिनास नावाचा एक यहुदी शिक्षक ठेविला होता. तो आपल्या लोकांच्या भीतीने रात्री येई. ख्रिस्तसभेने हजारावर वर्षे जे बायबल वाचले, त्यामागे ही रात्रीची शिकवणी आहे.

आपल्या किनाऱ्यावरही ह्या दुराव्याची झळ पोहोचली. गोव्यातील इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायसभा, १५६० मध्ये स्थापन झाली व १८१२ पर्यंत टिकली. तिचा हात पुढे इतर अनेकांवर पडला. पण प्रारंभी तिचा रोख पोर्तुगालहून आलेल्या, यहुदी कुळातून बाप्तिस्मा घेतलेल्या ‘नव्या ख्रिस्त्यां’वर होता. वैद्य गार्सिया दा ओर्ता हे त्यांपैकी एक. त्यांचा हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील ग्रंथ गोव्यात १५६३ मध्ये छापला गेला, आणि मुंबई बेट काही काळ त्यांजकडे खंडाने होते. ते १५६८ मध्ये वारले. दुसऱ्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये त्यांची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. अपराध हा की, गुप्तपणे यहुदी धर्म पाळला. ज्या प्रभूने आयुष्यभर तोच धर्म पाळला, त्याच्या नावे हे घडले.

उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनांत यहुद्यांस ‘पेर्फिदी’ असे विशेषण होते. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अविश्वासी असा करता येतो, पण लोकांच्या कानी तो विश्वासघातकी असाच पडे. इतर सर्वांसाठी गुडघे टेकले जात. त्यांच्यासाठी टेकले जात नसत. १९३८ साली जर्मनीत नाझींचा अंमल असता पोप अकरावे पायस ह्यांनी बेल्जियमच्या यात्रेकरूंपुढे मिस्सापुस्तकातील आब्राहामाच्या यज्ञाचा उल्लेख वाचला आणि डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, यहुदीद्वेष ख्रिस्ती मनुष्यास शक्य नाही, आपण सर्व आध्यात्मिक दृष्ट्या त्याच वंशाचे आहो. तरीही पुढील सात वर्षांत युरोपात, बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांच्या देशांत, सुमारे साठ लक्ष यहुदी मारले गेले. त्यानंतर पावले पडली. १९५५ मध्ये गुडघे टेकणे सुरू झाले. १९५९ मध्ये पोप तेविसावे योहान ह्यांनी ते विशेषण काढून टाकले. आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ ह्या जाहीरनाम्यात स्पष्ट केले की, ख्रिस्ताच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, आणि देवाने त्यांस टाकलेले नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिताना जैतुनाच्या झाडाचा जो दाखला दिला, त्यात आपण परराष्ट्रीय केवळ कलम केलेल्या रानटी फांद्या आहो. मूळ आपले नव्हे. पौलाचे पत्र सर्वांच्या हाती होते, तरी इतकी शतके लागली.

हे सर्व दूर देशाचे आहे असे कोणास वाटेल, तर त्यांनी अलिबागेच्या इस्राएल आळीत जाऊन यावे. बेने इस्राएल लोक कित्येक शतके कोकणात तेल गाळीत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावे गावांवरून, दिवेकर, पेणकर, राजपूरकर, भाषा मराठी, सभास्थानास ते मशीद म्हणत. त्यांची मुंबईतील पहिली मशीद सामाजी हसाजी दिवेकर ह्यांनी १७९६ मध्ये बांधली. हिब्रू ग्रंथ जवळ नसताही एक प्रार्थना त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ ठेविली: ‘शेमा’, म्हणजे हे इस्राएला, ऐक, अशी सुरू होणारी. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभु येशूने, संत मार्कच्या बाराव्या अध्यायात, उत्तरादाखल हीच म्हटली.

१९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. थोडी येथे राहिली. त्यांच्या घरी शब्बाथाच्या प्याल्यात काळ्या मनुकांचे सरबत असते. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे पुस्तक, ज्यास हगादा म्हणतात, ते हिब्रू मजकूर व मराठी भाषांतर अशा रूपाने पुणे येथे १८७४ मध्ये छापले गेले. आणि त्यातील चित्रात लुगडे नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करीत आहेत.