यंत्राला जामीन कोण?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुका न्यायालयात आज मोबाइलवरचं संभाषण, सीसीटीव्हीचं चित्रण किंवा व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट दाखल करायला गेलं, की समोरच्या वकिलाची पहिली हरकत ठरलेली असते: “पासष्ट बीचं सर्टिफिकेट कुठंय?” ते कलम ६५ ब ज्या कायद्यात होतं तो १८७२चा भारतीय पुरावा अधिनियम १ जुलै २०२४ रोजी इतिहासजमा झाला. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्याची जागा कलम ६३ने घेतली. बार रूममध्ये मात्र जुनंच नाव चालतं. वीस वर्षं ज्यावर भांडलो ते नाव तोंडातून सहज जात नाही.

डिजिटल तंत्रज्ञानाचा कायदा शिकायला येणारे विद्यार्थी बहुधा गोपनीयता, समाजमाध्यमं, कृत्रिम बुद्धिमत्ता अशा चर्चेतल्या विषयांपासून सुरुवात करतात. मी त्यांना आधी या सर्टिफिकेटचा, म्हणजे दाखल्याचा, वंश शोधायला सांगेन. यंत्राने काही सांगितलं, तर न्यायालयात त्याच्या वतीने जामीन कोण राहणार, हा या विषयाचा गाभा आहे आणि तो संगणकापेक्षा बराच जुना आहे.

सुरुवात कीर्द-खतावणीपासून करावी लागते. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी लिहिलेल्या १८७२च्या कायद्यात कलम ३४ होतं. धंद्याच्या ओघात नियमित ठेवलेल्या हिशेबाच्या वह्यांतल्या नोंदी पुराव्यात येतील, पण नुसत्या तेवढ्या नोंदींवरून कुणाच्या माथी देणं लादता येणार नाही, असं ते सांगत होतं. सावकाराच्या वहीत कुळाच्या नावे आकडा आहे, पण वही सावकाराची आणि हातही त्याचाच. म्हणून नियमितपणाला किंमत द्यायची, पण आंधळा विश्वास टाकायचा नाही. हे दुहेरी धोरण मला आजही शहाणपणाचं वाटतं.

मग १८९१मध्ये बँकांच्या वह्यांसाठी वेगळा कायदा आला. प्रत्येक दाव्यात बँकेचं लेजर कोर्टात ओढून आणलं तर काउंटरवरचं काम बंद पडायचं. त्यामुळे प्रमाणित नक्कल चालेल असं ठरलं. नकलेखाली बँकेच्या जबाबदार अधिकाऱ्याने लिहून द्यायचं की ही नोंद बँकेच्या नेहमीच्या वहीतली आहे, रोजच्या कामकाजात केलेली आहे आणि वही अजून बँकेच्या ताब्यात आहे. खाली सही आणि हुद्दा. पासष्ट बीचा पूर्वज तो हाच.

पुढचा टप्पा आवाजाचा, आणि तो बराचसा मुंबईत घडला. युसुफअली नागरी यांच्यावरच्या खटल्यात खोलीत मायक्रोफोन लपवून लाचेचं बोलणं टेपवर घेतलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने टेप स्वीकारली, पण टेप पुसता येते, पुन्हा वापरता येते, म्हणून ती सीलबंद नव्हती याची दखलही घेतली. १९७२मध्ये मुंबईचे तेव्हाचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्या लाचेच्या खटल्यात फोनवरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलेलं होतं. घटनेचा फोटो चालतो तसं घटनेच्या वेळचं ध्वनिमुद्रणही चालेल, असा निर्णय झाला. १९७५मध्ये मुंबईतल्या कुंभारवाडा मतदारसंघाच्या निवडणुकीवरून झालेल्या बुखारी खटल्यात प्रचाराच्या भाषणांच्या टेप पुढे आल्या. आवाज ओळखता आला पाहिजे, ध्वनिमुद्रण बरोबर आहे हे सिद्ध झालं पाहिजे आणि मजकूर प्रकरणाशी संबंधित पाहिजे, या कसोट्या तिथे लागल्या. दाखला कुणी मागितला नाही. ज्याने टेप केली त्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहायचं आणि उलटतपासणीला तोंड द्यायचं, एवढी साधी रीत होती.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये वेगळी वाट निघाली. १९६८च्या सिव्हिल एव्हिडन्स ॲक्टच्या कलम ५मध्ये ‘संगणकाने तयार केलेल्या विधानां’साठी चार अटी घातल्या गेल्या. संगणक त्या काळात नेहमीच्या कामासाठी नियमित वापरात असावा, तशी माहिती त्यात नियमित भरली जात असावी, तो ठीक चालत असावा, आणि छापून आलेला मजकूर त्या माहितीतूनच निघालेला असावा. हे सगळं लिहून देणारा दाखला, जबाबदार हुद्द्यावरच्या माणसाच्या सहीने. त्या वेळचा संगणक म्हणजे खोली व्यापणारं यंत्र, कंपनीच्या मालकीचं, चालवणारे ठरलेले कर्मचारी. अशा यंत्राला अटी चपखल बसत होत्या. खिशात मावणाऱ्या, लाखो अनोळखी लोकांचे संदेश आणणाऱ्या यंत्राची कल्पनाही लिहिणाऱ्यांना नव्हती, आणि त्याचा दोष त्यांना देता येत नाही.

इंग्लंडने पुढे हे ओझं टाकून दिलं. दिवाणी कामातलं कलम १९९५च्या कायद्याने गेलं. फौजदारी कामात १९८४च्या कायद्यातलं कलम ६९ होतं. त्यावर असे वाद झाले की श्वासातलं मद्य मोजणाऱ्या यंत्राचं घड्याळ तासाहून अधिक मागे होतं, म्हणून यंत्र ‘ठीक चालत’ होतं की नव्हतं, हा प्रश्न १९९७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचला. घड्याळ चुकलं म्हणून श्वासाचं मोजमाप चुकत नाही, असं लॉर्ड्सनी ठरवलं. लॉ कमिशननेही कलम काढून टाकण्याची शिफारस केली आणि एप्रिल २०००मध्ये ते गेलं. तिथून पुढे यंत्र ठीकच चालत होतं असं न्यायालय गृहीत धरू लागलं.

त्याच २००० सालच्या जून महिन्यात भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, आणि १७ ऑक्टोबरपासून तो अमलात आला. कायद्याचा साचा संयुक्त राष्ट्रांच्या १९९६च्या ई-व्यापारविषयक आदर्श कायद्यावर बेतलेला होता. पुराव्याचं कलम ६५ ब मात्र १९६८च्या ब्रिटिश कलम ५वरून जवळजवळ जसंच्या तसं उचललं होतं. ज्या देशातून ते घेतलं तिथे ते तोवर रद्द झालेलं होतं. ही उसनवारी संसदेत पुरेशी तपासली गेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या एका निष्काळजीपणाची किंमत हजारो पक्षकारांनी मोजली.

पहिली काही वर्षं न्यायालयांनी त्यातून पळवाट काढली. संसदेवरच्या हल्ल्याच्या खटल्यात, २००५मध्ये, मोबाइल कॉल्सचे तपशील दाखल्याशिवाय आले होते. दुय्यम पुराव्याच्या जुन्या कलमांखाली ते चालतील, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. हीच रूढी झाली. २०१४मध्ये अन्वर विरुद्ध बशीर निकालाने ती मोडली. केरळमधल्या एरनाड मतदारसंघातली २०११ची निवडणूक, प्रचाराची गाणी आणि घोषणा, आणि त्यांच्या संगणकावर तयार केलेल्या सीडी. दाखला नाही म्हणून सीडी बाद. दुय्यम पुराव्याचा सर्वसाधारण मार्ग इथे बंद आहे, असं तीन न्यायमूर्तींनी सांगितलं. मूळ उपकरणंच न्यायालयात आणली असती तर गोष्ट वेगळी होती, हेही त्याच निकालात आहे. पण ते फार कमी लोकांनी वाचलं. २०१८मध्ये शफी मोहम्मद प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी सूर बदलला. ज्याच्या ताब्यात यंत्रच नाही त्याच्याकडून दाखला कसा मागणार, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता, पण दोनांच्या पीठाला तिघांचा निकाल ओलांडता येत नाही.

हा गुंता सुटला तो जालन्यामुळे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल आणि एक मतदार औरंगाबाद खंडपीठात गेले. त्यांचा मुद्दा घड्याळाचा होता. २७ सप्टेंबर २०१४ रोजी उमेदवारी अर्जाची मुदत दुपारी ३ वाजता संपत होती आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर आले, असं त्यांचं म्हणणं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते, म्हणजे वादाचं उत्तर चित्रणातच होतं. न्यायालयाच्या आदेशावरून सीडी आल्या. दाखला मात्र, वारंवार मागूनही, सरकारी अधिकाऱ्यांनी दिला नाही. शेवटी न्यायालयाने निर्णय अधिकाऱ्याच्या उलटतपासणीतल्या उत्तरांवर भिस्त ठेवली आणि २४ नोव्हेंबर २०१७ रोजी निवडणूक रद्द ठरवली.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १४ जुलै २०२०चा. न्या. नरिमन, न्या. रवींद्र भट आणि न्या. रामसुब्रमण्यन यांच्या पीठाने अन्वरचा नियम कायम ठेवला: नक्कल आणायची तर दाखला हवाच, तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही. पण ज्याने शक्य ते सगळं केलं आणि तरीही दाखला देणाऱ्याने नकार दिला, त्याला अशक्य गोष्टीसाठी शिक्षा करता येणार नाही. त्यामुळे गोरंट्याल यांच्या बाजूचा निकाल टिकला. फोन किंवा लॅपटॉपचा मालक ते मूळ यंत्र घेऊन साक्षीला आला तर दाखल्याची गरज नाही, हेही पीठाने स्पष्ट केलं. न्या. रामसुब्रमण्यन यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात या कलमाचा ब्रिटिश वंश उलगडून दाखवला आहे. विद्यार्थ्यांनी ते पूर्ण वाचावं. एक कटू तपशील राहतोच. ज्या विधानसभेबद्दल हा वाद होता तिची मुदत २०१९मध्येच संपलेली होती.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की इंग्लंडचं बरोबर होतं, दाखला काढून टाकावा. पण तिकडे काय झालं तेही बघायला हवं. ब्रिटिश पोस्ट ऑफिसने १९९९पासून ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवली. पडद्यावर तूट दिसली की उपपोस्टमास्तरने पैसे खाल्ले, असं धरून खटले झाले, आणि यंत्र ठीक आहे हे न्यायालयं गृहीत धरत राहिली. ९००हून अधिक लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरदार गमावलं. २०१९मध्ये न्या. फ्रेझर यांनी प्रणालीत चुका होत्या असा निकाल दिला, २०२१मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी एकाच दिवशी पुसली, आणि २०२४मध्ये उरलेल्यांसाठी संसदेला खास कायदा करावा लागला. ज्या यंत्राला कुणी जामीन नाही, त्याच्या शब्दावर माणसं तुरुंगात गेली. नोंद ठेवणाराच फिर्यादी असताना नुसत्या नोंदीवर कुणाला जबाबदार धरू नये, हा कलम ३४चा धडा तिथे विसरला गेला.

आता आपलं कलम ६३. दाखल्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत छापला आहे. ‘भाग अ’ पक्षकाराने भरायचा: उपकरण कोणतं, मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय. पुढे फाइलचं हॅश मूल्य. हा फाइलच्या मजकुरातून गणिताने काढलेला आकडा असतो आणि एक अक्षर बदललं तरी पार बदलतो. नकलेला हात लागलेला नाही हे सांगणारी ही अट चांगली आहे, आणि वंशात ती पहिल्यांदाच आली. मात्र नमुन्यात एसएचए-२५६बरोबर एमडी५ आणि एसएचए-१ हेही पर्याय आहेत. एकाच हॅशच्या दोन वेगळ्या फाइल बनवता येतात, हे एमडी५बाबत २००४मध्ये आणि एसएचए-१बाबत २०१७मध्ये दाखवून झालं आहे. २०२३च्या कायद्यात त्यांना जागा द्यायचं कारण नव्हतं.

‘भाग ब’ तज्ज्ञाने भरायचा. तज्ज्ञ कोण, हे कलम सांगत नाही. मुंबई-पुण्यात मोठ्या कंपनीला असा माणूस मिळेल. परंडा किंवा धडगावमधल्या बाईने नवऱ्याच्या धमक्या फोनवर टिपल्या असतील, तर तिने तज्ज्ञ कुठून आणायचा आणि त्याची फी कुठून द्यायची? जालन्यात गोरंट्याल यांच्यासारख्या माजी आमदाराला सरकारी कार्यालयाकडून दाखला मिळाला नाही. मग सोसायटीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीचं चित्रण मागणाऱ्या सामान्य माणसाचं काय? चित्रण साठवणारा डीव्हीआर काही दिवसांत जुन्यावर नवं चित्रण लिहितो, आणि तोवर पहिली नोटीससुद्धा निघालेली नसते.

ज्याच्या ताब्यात यंत्र आहे त्याने लेखी मागणी येताच चित्रण राखून ठेवायचं आणि ठरलेल्या मुदतीत दाखला द्यायचा, हे कायद्याने बंधनकारक व्हायला हवं. प्रत्येक जिल्हा न्यायालयात ‘भाग ब’ भरून देणारा सरकारी परीक्षक बसवायला हवा, तोही पक्षकाराला फी न लावता. वकील संघटनांनी ही मागणी उच्च न्यायालयापुढे आणि सरकारपुढे लावून धरावी. आणि वाचकांनी एवढं करावं: महत्त्वाचं संभाषण किंवा चित्रण ज्या फोनमध्ये आहे तो फोन खटला संपेपर्यंत विकू नये, रीसेट करू नये, एक्स्चेंजमध्ये देऊ नये. मूळ यंत्र हातात असेल तर मालकाला ते घेऊन स्वतः साक्षीला उभं राहता येतं.