यिबलचा आलेख

कुरुमच्या चढावरून दिसणाऱ्या मिना अल फहलच्या तेलाच्या टाक्या आपल्या सगळ्यांच्या परिचयाच्या आहेत. २७ जुलै १९६७ रोजी याच किनाऱ्यावरून ओमानच्या तेलाचे पहिले जहाज परदेशी निघाले. टाकीतले तेल मोजणे सोपे असते. पण वाळवंटात हजार-दीड हजार मीटर खोल, दगडाच्या पोटात अजून किती तेल उरले आहे, हे कसे मोजायचे? तिथे फुटपट्टी पोहोचत नाही, गणितच लागते. आणि ते गणित चुकले तर काय होते, याचा एक धडा याच देशात घडला.

सुरुवातही चुकण्यानेच झाली होती. १९५६ मध्ये फहूदला पहिली विहीर खोदायला घेतली, ती कोरडी निघाली. निराश होऊन १९६० मध्ये बहुतेक भागीदार कंपन्या निघून गेल्या. शेल आणि पार्टेक्स तेवढ्या टिकून राहिल्या. मग १९६२ मध्ये यिबल, १९६३ मध्ये नातिह आणि १९६४ मध्ये फहूदलाच तेल लागले, तेही जुन्या कोरड्या विहिरीपासून काहीशे मीटरांवर!

जमिनीखाली तेलाचे तळे असते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात भिजलेल्या विटेत पाणी असावे, तसे ते दगडाच्या बारीक छिद्रांत असते. अशा छिद्रांतून द्रव किती वेगाने वाहील, याचा नियम हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये मांडला. तो दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करी आणि त्याचे प्रयोग होते वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचे. आपल्याकडे बोअरवेलला पाणी किती येईल याचा हिशेब ज्या नियमाने होतो, त्याच नियमाने तेलाचाही होतो.

दुसरे सूत्र शाळेतले आहे. विहिरीचे उत्पादन दरवर्षी थोडे थोडे घटते. १९४५ मध्ये जे. जे. आर्प्स यांनी या घटीचे वक्र सूत्रात बसवले. त्यातला सर्वांत साधा वक्र म्हणजे आपली भूमितीय श्रेणी. समजा, यंदा १०० बॅरल निघाले आणि दरवर्षी १० टक्के घट होत गेली, तर सगळ्या वर्षांची बेरीज होते १,०००. घट ५ टक्के धरली, तर तीच बेरीज २,००० होते. म्हणजे घटीच्या अंदाजात पाच टक्क्यांचा फरक पडला, की जमिनीखालचा साठा कागदावर दुप्पट होतो! मेख आहे ती इथे.

यिबल हे ओमानचे सर्वांत मोठे तेलक्षेत्र. १९९० च्या दशकात तिथे आडव्या विहिरींचे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले. विहीर खाली जाऊन तेलाच्या थरातून आडवी धावते, त्यामुळे तेल भराभर मिळते. उत्पादन वाढले आणि १९९७ च्या सुमारास दिवसाला सव्वादोन लाख बॅरलच्या आसपास पोहोचले. आलेख पाहणाऱ्याला वाटावे, हे क्षेत्र अजून तरुण आहे. पण तेल लवकर निघाले म्हणजे जास्त होते असे नाही. तेल बाहेर ढकलण्यासाठी सोडलेले पाणी आडव्या विहिरींपर्यंत पोहोचले आणि तेलापेक्षा पाणीच कितीतरी अधिक येऊ लागले. काही वर्षांतच उत्पादन निम्म्याहून खाली आले.

९ जानेवारी २००४ रोजी शेलने जगभरातील आपले 'सिद्ध' साठे सुमारे २० टक्क्यांनी, म्हणजे ३.९ अब्ज बॅरलने कमी केल्याचे जाहीर केले. त्या वेळी ओमानच्या आकड्यांवरही प्रश्न उपस्थित झाले. मार्चमध्ये कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. पण याची झळ केवळ भागधारकांपुरती नव्हती. ज्या देशाचे रस्ते, शाळा, रुग्णालये तेलाच्या पैशावर उभी राहतात, त्याच्या पंचवार्षिक योजना याच आकड्यांवर आखल्या जातात. आपल्यासारख्या परदेशी कुटुंबांच्या नोकऱ्याही शेवटी त्याच आकड्यांना बांधलेल्या असतात.

मग गणित खोटे होते का? नाही. तेलाच्या अभियांत्रिकीत 'हिस्टरी मॅचिंग' नावाचा एक शब्द आहे. डार्सीचा नियम वापरून संगणकावर जमिनीखालच्या खडकाचे लाखो चौकोनी तुकडे मांडतात आणि प्रत्येक विहिरीचा आजवरचा इतिहास, म्हणजे तेल, पाणी व दाब, त्या प्रतिकृतीतून जसाच्या तसा निघतो का ते पाहतात. गंमत अशी, की एकाच इतिहासाशी जुळणाऱ्या प्रतिकृती अनेक असू शकतात आणि त्या प्रत्येकीचे भविष्य वेगळे! म्हणून प्रामाणिक उत्तर एका आकड्यात येत नाही. इतके तरी नक्की, इतके बहुधा, आणि नशीब असेल तर इतके, असे ते तीन पायऱ्यांत सांगावे लागते. शेअरबाजाराला आणि अंदाजपत्रकाला मात्र एकच आकडा हवा असतो.

ओमानने यातून घेतलेला धडा मोलाचा आहे. देशाचे उत्पादन २००० च्या सुमारास दिवसाला साडेनऊ लाख बॅरलच्या आसपास होते, ते २००७ पर्यंत सुमारे ७ लाखांवर उतरले. आता सहज येणारे तेल संपत आले, हे मान्य करून अवघड तेलाकडे लक्ष वळवले गेले. मुखैझना येथे वाफ सोडून घट्ट तेल पातळ केले गेले. मारमूल येथे २०१० पासून पाण्यात पॉलिमर मिसळून पाणीच दाट केले गेले, म्हणजे ते तेलाला बगल देऊन पुढे पळणार नाही. कोणता द्रव कोणाला किती ढकलेल, याचे समीकरण बकली आणि लेव्हरेट यांनी १९४२ मध्येच लिहून ठेवले होते. २०१६ पर्यंत उत्पादन पुन्हा दिवसाला १० लाख बॅरलच्या घरात गेले.

मुले विचारतात, दहावीच्या श्रेणी आणि आलेख पुढे कशाला उपयोगी पडतात? त्यांना यिबलची गोष्ट जरूर सांगावी. आलेखाची रेघ आजपर्यंत जिथून गेली तिथूनच ती उद्याही जाईल, असे वचन गणित कधीच देत नाही. ते वचन आपण आपल्या सोयीने त्याच्या तोंडी घालतो. पुढच्या वेळी कुरुमवरून जाताना त्या टाक्यांकडे पाहाल, तेव्हा एवढे आठवले तरी पुरे.