वसुलीचा नियम कुणी करायचा? एम्प्रेस मिलच्या फाटकापासून गटाच्या हप्त्यापर्यंत

कर्जाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टींवर बोलले जाते. एक कर्जमाफी आणि दुसरी शेतकरी आत्महत्या. दोन्ही प्रश्न गंभीर आहेत, याबद्दल वाद नाही. पण उत्तर नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला तिसराच प्रश्न रोज भेटतो. तो वसुलीचा. गटातून कर्ज घेतलेली बाई, आठवड्याचा हप्ता, एकीचा हप्ता चुकला म्हणून बाकीच्या बायकांनी तिच्या दारात जाऊन बसणे, फाइल चार्ज, विम्याची कपात, उशिराचा दंड. हे सगळे नियम कोण ठरवतो? आणि नियम करणाऱ्याला जाब कोण विचारतो?

या प्रश्नाचे एक उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास आपल्याच शहराचा आहे.

कर्जदाराच्या कायद्याचा इतिहास साधारणपणे १८७५ पासून सांगितला जातो. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. केवळ कर्जापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले आणि कर्जाचा मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. पण हा कायदा शेतकऱ्याचा होता. शेती सोडून गिरणीत गेलेल्या माणसाचे काय?

नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. गावकीच्या जाचातून सुटून रोख पगाराच्या आशेने आपली माणसे गिरणीत आली. जात मात्र गिरणीतही आली. मुंबईच्या गिरण्यांमध्ये जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते आणि हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपांच्या काळात उघडपणे मांडला. पगार कमी म्हणजे उधारी जास्त. हे गणित समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

१९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने देशभरातल्या कामगारांची पाहणी केली. १९३१ च्या अहवालात आयोगाने म्हटले की बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून जास्त आहे. कर्ज देणाऱ्यांत दुकानदार होते, काबुली सावकार होते, काही ठिकाणी कामावर घेणारा मुकादमच होता. पगाराच्या दिवशी सावकाराचा माणूस फाटकावर उभा राहायचा. त्याला कोर्टाची गरज नव्हती, काठी पुरेशी होती. म्हणून आयोगाने शिफारस केली की वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा घालणे हाच गुन्हा ठरवावा.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. मध्य प्रांताचे कायदेमंडळ नागपुरात बसत होते. त्या काही वर्षांत या प्रांताने एकामागून एक कायदे केले. १९३३ चा कर्ज तडजोड कायदा, १९३४ चा सावकारी कायदा, १९३६ चा औद्योगिक कामगारांच्या कर्जनिवारणाचा कायदा आणि १९३७ चा कर्जदार संरक्षण कायदा. १९३६ चा कायदा महिन्याला ५० रुपयांपर्यंत कमावणाऱ्या कामगारासाठी होता. १९३७ च्या कायद्याने कर्जदाराचा छळ हा गुन्हा ठरवला. त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागी घुटमळणे, त्याचा पाठलाग करणे, त्याला धमकावणे, त्याच्या वस्तूंना हात घालणे हे सगळे त्यात आले.

लक्षात घ्या, १९३७ चा कायदा व्याजावर नव्हता. पैसे देणे आहे की नाही, किती आहे, यात तो शिरला नाही. देणेकरी झाला म्हणून माणसाची प्रतिष्ठा सावकाराच्या मालकीची होत नाही, एवढेच तो सांगत होता. आज आपल्याला लागणारा धागा हाच आहे.

पुढे संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या ३० व्या नोंदीत सावकारी हा विषय राज्यांकडे आला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने परवाना, हिशेबाची वही, व्याजाची मर्यादा आणि कर्जदाराकडून कोणता खर्च घेता येणार नाही हेही ठरवले. त्याची जागा घेणारा महाराष्ट्राचा २०१४ चा कायदा आज लागू आहे. या कायद्याखालचे नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. आमदार त्यात बदल सुचवू शकतो, ते नाकारा म्हणू शकतो. किती आमदार तसे करतात हा वेगळा प्रश्न, पण दार उघडे आहे.

मात्र आज वस्तीत येणारा वसुलीवाला बहुतेक वेळा या कायद्यात बसतच नाही. तो रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपनीचा माणूस असतो. केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निकाल दिला की अशा कंपन्यांना राज्याचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचेच नियंत्रण राहील.

रिझर्व्ह बँकेने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार सूक्ष्म कर्जाची वसुली आधी ठरलेल्या जागीच करायची आहे. कर्जदार लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा तिथे आला नाही तरच घरी जाता येते. दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडाला व्याजाचे रूप देणे बंद केले. पण त्याच २०२२ च्या निर्देशांनी व्याजाची ठरलेली कमाल मर्यादा काढली आणि दर ठरवण्याचे काम कंपनीच्या संचालक मंडळाकडे दिले. हा एवढा मोठा निर्णय झाला परिपत्रकाने. रिझर्व्ह बँकेचे विनियम संसदेपुढे ठेवावे लागतात, निर्देशांना आणि परिपत्रकांना ती अट नाही. म्हणजे आपल्या आईच्या हप्त्याचा नियम आपण निवडून दिलेल्या एकाही माणसासमोर न जाता बदलू शकतो.

रिझर्व्ह बँकेमागे बाबासाहेबांचे विचार आहेत हे आपण अभिमानाने सांगतो. मग ते विचार नीट वाचूया. १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात आणि १९२५ च्या हिल्टन यंग आयोगासमोरच्या साक्षीत त्यांचा रोख चलन काढणाऱ्याच्या मनमानीवर होता. चलन किती काढायचे हे सत्तेच्या मर्जीवर सोडू नका, नियमाने बांधा, अशी त्यांची भूमिका होती. हाच न्याय वसुलीला का लावू नये?

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशने सूक्ष्म कर्जावर कडक अध्यादेश काढला, तेव्हा परतफेड कोसळली आणि गरिबांना मिळणारे लहान कर्जही आटले. कर्ज बंद झाले तर बाई पुन्हा बिनपरवाना सावकाराकडेच जाईल. हे खरे आहे. म्हणूनच आम्ही १९३७ च्या कायद्याकडे बोट दाखवतो. कर्ज थांबवू नका, छळ थांबवा. सावकारीवर राज्याचा हात आखडला असेल, पण धमकी, पाठलाग आणि दारातला तमाशा हा कायदा-सुव्यवस्थेचा विषय आहे आणि तो राज्याचाच आहे. कर्नाटकने फेब्रुवारी २०२५ मध्ये जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढलाच ना?

म्हणून आमची मागणी तीन कलमांची आहे. वसुली आणि आकार यांविषयीचे रिझर्व्ह बँकेचे निर्देश संसदेपुढे ठेवण्याची अट कायद्यात घालावी. कर्ज देणारा कुणीही असो, कर्जदाराचा छळ हा गुन्हा ठरवणारा स्वतंत्र कायदा महाराष्ट्राने करावा. आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जिल्हावार विचारले जावे की वसुलीच्या छळाच्या किती तक्रारी आल्या आणि किती नोंदवल्या गेल्या.

हे प्रश्न आमदार आपणहून विचारणार नाहीत. १९३० च्या दशकातले कायदेही केवळ कागदामुळे टिकले नसते, त्यांना कामगारांच्या संघटनेचा आधार लागत होता. तेव्हा तरुण मित्रांनो, अधिवेशनात मोर्चा काढाल तेव्हा एका फलकावर हा विषय लिहा. त्याआधी विहारात एक संध्याकाळ ठेवा, वस्तीतल्या बायकांची कर्जाची कागदपत्रे मागवा आणि त्यांच्यासोबत बसून एक-एक आकार मोठ्याने वाचा. कोणती रक्कम कशासाठी कापली, हे विचारण्याचा हक्क त्यांचा आहे.

जय भीम!