लर्निंग लायसनवर एकट्याने गाडी चालवताय? नियम काय, दंड किती

लर्निंग लायसन मिळालं की गाडी चालवायला मोकळे, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. शेजारी पक्कं लायसन असलेली व्यक्ती नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते विनापरवाना चालवणंच ठरतं.

अटी कोणत्या?

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 3 नुसार तीन गोष्टी हव्यात:

- लर्निंग लायसन मुदतीत असावं. मुदत सहा महिने असते. 30 दिवसांनंतर पक्क्या लायसनची टेस्ट देता येते.
- सोबतच्या व्यक्तीकडे त्याच प्रकारच्या गाडीचं चालू लायसन असावं आणि गाडी थांबवता येईल अशा जागी ती बसलेली असावी. मागच्या सीटवर बसलेले काका चालत नाहीत.
- गाडीच्या पुढे आणि मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. पाटी किमान 18 सेंमी चौरस, अक्षर 10 सेंमी उंच.

दुचाकीवर मागे फक्त शिकवणाराच बसू शकतो. मित्राला डबलसीट घेता येत नाही.

दंड किती?

1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार:

- चालवणाऱ्याला, कलम 181: 5 हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.
- गाडी देणाऱ्या मालकाला, कलम 180: तेवढीच शिक्षा.
- लायसन नसलेल्या अल्पवयीनाने गुन्हा केल्यास, कलम 199अ: पालक किंवा मालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन नाही.

16 ते 18 वयात फक्त 50 सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते. आज घरोघरी असलेल्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या आहेत, हे पालकांनी ध्यानात घ्यावं.

सीमेपलीकडे चालतं का?

हो. कलम 13 नुसार लर्निंग लायसन देशभर चालतं. बेळगावहून शिनोळीमार्गे चंदगडला किंवा चोर्ला घाटातून गोव्याला जाताना ते बाद होत नाही, पण अटीही तशाच सोबत येतात. तडजोडीने भरायची रक्कम मात्र प्रत्येक राज्य सरकार ठरवतं. त्यामुळे कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोव्यात पावतीवरचा आकडा वेगळा असू शकतो.

खरा फटका विम्याचा

दंड एकदाच भरावा लागतो, अपघात मात्र घर बसवू शकतो. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत लर्निंगवाल्याला संरक्षण असतं, पण नियम 3 पाळला असेल तरच. एकट्याने चालवताना गाडी ठोकली, तर स्वतःच्या गाडीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

समोरच्याला इजा झाली तर? लर्निंग लायसन हेही लायसनच आहे, असं सुप्रीम कोर्टाने 2004 च्या स्वर्णसिंग निकालात म्हटलं. त्यामुळे जखमीला सहसा भरपाई मिळते. मात्र अटभंग सिद्ध झाल्यास कंपनीला ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा मिळू शकते.

म्हणून किल्ली देण्याआधी तीन गोष्टी बघा: लायसनची तारीख, ‘एल’ बोर्ड आणि शेजारी कोण बसणार.